ग्लिसरीन आणि गुलाबपाणी

ग्लिसरीनमध्ये गुलाबपाणी मिसळताना दरवळणारा गोडसर, ओलसर वास म्हणजे माझ्या लहानपणीची थंडी. संध्याकाळी आई तोंड धुऊन आरशासमोर बसे, ते मिश्रण गालांना लावी आणि मग कुंकू रेखी. हाताला उरलेला ओलावा माझ्या गालांवरून फिरे.

बाबा गेले आणि कुंकवाबरोबर तिचा आरसाही सुटला. या हिवाळ्यात माहेरी गेले, तेव्हा तिचे गाल उलून पांढरे पडले होते. मी पिशवीतून एकेक क्रीम काढून तिच्यापुढे मांडले.

"दुकान टाकतेस की काय?" ती म्हणाली. "आता कुणाला दाखवायचंय, बाई?"

"दाखवायला नाही गं. आग होत नाही का?"

कुंकू पुसले, तरी त्याखालची त्वचा जिवंतच असते. तिला थंडी बोचते, तहान लागते. हे आम्ही सारेच विसरलो होतो आणि सर्वांआधी ती स्वतः.

क्रीम मी परत पिशवीत टाकली. इतका पसारा तिच्याने रोज निभणार नव्हता. कोमट पाणी, मऊ पंचा आणि ग्लिसरीन-गुलाबपाण्याची एक बाटली, एवढेच ठेवले. रोज संध्याकाळी ती बाटली घेऊन मी तिच्याजवळ बसे. ती तोंड फिरवी.

मग एकदा मोरीतून पाण्याचा आवाज आला. पंच्याने चेहरा टिपत ती बाहेर आली, माझ्यासमोर बसली आणि डोळे मिटून, हनुवटी किंचित वर करून म्हणाली, "लाव."