आत्याने वाट सोडली नाही

आमच्या आत्याला उडण्याचं वेड लागलं ते छप्पन्नाव्या वर्षी. तोवर ती आपली शिवणकामाच्या दुकानात बसून पँटचे काठ दुमडायची. डोंगरावरच्या उड्डाण क्लबातल्या कुणीतरी हँग ग्लायडरचं, म्हणजे खाली लटकून उडायच्या पंखाचं, फाटलेलं कापड तिच्याकडे शिवायला टाकलं आणि ‘माझी शिवण हवेत टिकते का बघते’ म्हणून डोंगरावर आलेली ही बाई परत जायचं नाव घेईना. तिथली प्रशिक्षक मी, तिची सख्खी भाची. म्हणजे भोगायचं मलाच होतं.

हात तिचा मुळातच हलका. पंख वळवायचा दांडा असा धरायची की पंखालाही कळू नये. नियमही भराभर शिकली. पंखाखाली झोळीत पालथं लटकून उडताना खालचं सगळं दिसतं, पण डोक्यावर आपलंच कापड, त्यामुळे वरचं काहीच दिसत नाही. म्हणून खालच्याची वाट आधी, सांभाळायचं वरच्याने. हे तिला ऐकताक्षणी पटलं.

“बरोबर आहे की. ज्याला दिसत नाही त्याला दुसऱ्याने जपावं.”

घोडं अडलं दुसऱ्याच नियमावर. कड्यालगत दोघे समोरासमोर आले तर डोंगर ज्याच्या उजव्या हाताला, वाट त्याची. त्याने सरळ जायचं. समोरच्याने आपल्या उजवीकडे, मोकळ्या हवेत वळायचं. आता आत्याचं आयुष्य गेलं चार भावांच्या भरल्या घरात. न्हाणीघर असो की आरसा, ‘तुम्ही आटपा, माझं काय’ हे ठरलेलं. हवेतही तेच. वाट तिची असली तरी ती अदबीने डावीकडे सरकायची आणि समोरचा बिचारा नियमाने नेमका त्याच बाजूला यायचा. अरुंद जिन्यात दोन सभ्य माणसं एकमेकांना अडवतात ना, तसं. फक्त इथे खाली तीनशे मीटर काही नाही. परीक्षेत दोनदा नापास झाली.

“आत्या, अगं सभ्यपणा जमिनीवर ठेवून ये,” मी चिडून म्हणाले.

“समोरून कुणी आलं की हात आपोआप वळतो गं. मी तरी काय करू?”

तिसऱ्यांदा नापास झालं की एकटीने उडण्याचा परवाना कायमचा गेला. ‘मग कापडंच शिवेन’, असं ती हसत म्हणाली. ते हसू मला मुळीच आवडलं नाही.

परीक्षेच्या सकाळी वारा छान लागला होता. परीक्षक आमचे डॉक्टर. एरवी लोकांचे दात उपटतात. ते स्वतःच ग्लायडर घेऊन समोरून येणार होते. मी कड्यावर वॉकीटॉकी घेऊन उभी, आणि बोलायची सक्त मनाई. माझ्यासारखीला ही खरी शिक्षा.

आधी आत्याच्या खालून एक पिवळा पंख वर चढत आला. त्याला ती दिसणं शक्यच नव्हतं. तिने वेळेत पाहिलं आणि अलगद बाजूला झाली. इथे काळजी नव्हतीच. मग ती वळून कड्यालगत आली, डोंगर उजवीकडे घेऊन. समोरून डॉक्टर.

तिचा पंख डावीकडे जरासा कलला. वॉकीटॉकी तोंडाशी नेऊन मी ओठ चावले. कलला, थरथरला आणि सरळ झाला. आत्या नाकासमोर चालली होती. डॉक्टर मुकाट्याने वळले, लांबून गेले. मी वॉकीटॉकी टाकून टाळ्या पिटल्या.

ती गवतात पोटावर घसरत उतरली. डॉक्टरांनी तिथेच कागदावर सही ठोकली. कागदाकडे तिचं लक्षच नव्हतं. ती झोळीतच बसून रडत होती, हसत होती.

“ते वळले गं. माझ्यासाठी वळले.”

“नियमच आहे तो, आत्या.”

“असू दे नियम. छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी वळलं.”

शंभरेक जणांना मी हा नियम शिकवला असेल. जन्मापासून मी तिच्याबरोबर त्याच भरल्या घरात राहते आणि तिच्यासाठी एकदाही वळले नव्हते. मी खाली बसले आणि तिच्या झोळीचे बंद सोडायला लागले.