पंचफुलाबाईंनी बसवलेली टाकी

भंडाऱ्याजवळच्या वरठीला आमच्या घरामागच्या गल्लीत पंचफुलाबाई गजभिये राहतात. पन्नाशीला आलेल्या, अंगानं किरकोळ, बोलणं कमी. नवरा अंकुश कारखान्यात कंत्राटी कामाला जातो. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, चंद्रकांताबाई. पंचफुलाबाईंनी वयाच्या नवव्या वर्षापासून विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि नजर कुठेही असली तरी बोटं आपली चालूच. पाना, पेचकस या वस्तू त्यांच्या हातात कधी आल्या नव्हत्या. यंदाच्या उन्हाळ्यात त्या आल्या, आणि कशा आल्या ते मी जवळून पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी चंद्रकांताबाई न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. भंडाऱ्याला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं की यापुढं उकिडवं बसायचं नाही. घरात खुर्चीसारखा कमोड बसवणं भाग होतं. नवा परवडणारा नव्हता, म्हणून अंकुशनं कुणाच्या तरी पाडलेल्या घरातला जुना कमोड आणि त्याच्यासोबतची चिनीमातीची फ्लशची टाकी आणली. टाकी चांगलीच म्हातारी होती, पण चालायची. म्हातारी वॉकर धरून एकटी आत जायची, दांडी ओढायची आणि बाहेर यायची. तेवढ्यासाठी तिला कुणाला हाक मारावी लागत नव्हती.

एप्रिलच्या शेवटी त्या टाकीनं मान टाकली. आतला पितळी दांडा झिजून तुटला आणि पाणी थांबेना. रात्रंदिवस कमोडमध्ये बारीक धार. नळाला दिवसाआड पाणी, आणि छतावरची पाचशे लिटरची टाकी दुपारपर्यंत रिकामी. शेवटी अंकुशनं खालचा कॉक बंद करून टाकला आणि बादली भरून ठेवली.

बादली म्हातारीला उचलत नव्हती. एका हातानं वॉकर सोडला की तोल जायचा. मग काम झालं की आतून हाक मारायची आणि सुनेनं जाऊन पाणी टाकायचं. पंचफुलाबाईंची तक्रार नव्हती. पण आठवडाभरात त्यांच्या लक्षात आलं की सासूच्या उशाशी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच्या तसा असतो. जेवणही अर्ध्यावर आलं होतं. मे महिन्याचं ऊन आणि म्हातारी पाणी पीत नाही. त्यांनी विचारलं, तर चंद्रकांताबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या,

"पानी पेलं का जावा लागते. अन् गेलं का तुले हाक मारावा लागते. मले लाज वाटते वो बाई."

पंचफुलाबाईंनी त्याच दिवशी प्लंबरला बोलावलं. तो भला माणूस होता, पण त्यानं सांगितलेला खर्च, सामान आणि मजुरी धरून, अडीच हजारांच्या वर जात होता. अंकुशच्या पाळ्या त्या महिन्यात निम्म्यावर आल्या होत्या. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात पाहू. पंचफुलाबाईंजवळ विड्यांच्या मजुरीतले हजार रुपये होते. ते पदराला बांधून त्या दुसऱ्या दिवशी बाबूलालच्या हार्डवेअरच्या दुकानात गेल्या.

जुन्या टाकीचे सुटे भाग आता येत नाहीत, हे बाबूलालनं सांगितलं. प्लास्टिकची साधी टाकी साडेसातशेला होती. त्यांनी ती घेतली, पण घरी नेण्याआधी खोका तिथंच उघडायला लावला. कुठला तुकडा कुठं बसतो ते बाबूलालनं एकदा जोडून दाखवलं. पंचफुलाबाईंनी सगळं सुटं केलं आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत, काउंटरच्या टोकाला उभं राहून स्वतः जोडलं. मग परत सुटं केलं आणि परत जोडलं. तिसऱ्यांदा बाबूलालनं नुसतं पाहिलं, काही सांगावं लागलं नाही. त्यानं टेफलॉन टेपचं एक रीळ आणि चार स्क्रू आपल्याकडून टाकले आणि आपला जुना पाना दोन दिवसांसाठी दिला.

अंकुश सकाळच्या पाळीला गेल्यावर त्या आमच्याकडे ड्रिल मशीन मागायला आल्या. मी पोस्टातून रिटायर झालेला माणूस, वेळच वेळ. मशीन घेऊन मीही गेलो. खरं सांगायचं तर, काही फुटलं तर सावरायला कुणी असावं, असा माझा विचार होता.

चंद्रकांताबाई दाराबाहेर खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर स्टीलची ताटली, ताटलीत नट, वायसर, स्क्रू. सून मागेल ते त्या देत होत्या.

आधी छतावरचा मुख्य वॉल्व बंद केला. जुन्या टाकीतलं पाणी मगानं उपसलं, तळाचं फडक्यानं टिपलं. पण खालचा नट गंजून एकजीव झाला होता. पाना घसरत होता. जोर लावावा तर चिनीमाती तडकायची भीती, आणि तडा खाली कमोडला गेला तर सगळंच संपलं. मी म्हटलं, राहू द्या, प्लंबरला बोलावू. त्यांनी मान हलवली. हातोडी बाजूला ठेवली, आरीचं पातं फडक्यात धरलं आणि नट कापायला सुरुवात केली. एका वेळी दहा-बारा घासे, मग बोटानं चाचपून पाहायचं, मग परत. पाऊण तास लागला. नट दोन तुकडे होऊन खाली पडला तेव्हा कमोडला ओरखडाही नव्हता. ती जड टाकी आम्ही दोघांनी उचलून अंगणात नेऊन ठेवली.

नव्या टाकीची भोकं जुन्या खुणांशी जुळत नव्हती. मी पट्टीनं मापं घेऊ लागलो. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या,

"भाऊजी, भिंतीचं माप कायले घेता? पाइप तर हाय तेवढाच हाय ना. टाकीच त्याच्यावर उभी करू, अन् मंग भिंतीवर खूण मारू."

मला हे सुचलं नव्हतं. जुना वाकडा पाइप कमोडला रबरासकट बसवला, त्यावर टाकी टेकवली, मी ती धरून उभा राहिलो. त्यांनी अर्धी भरलेली पाण्याची बाटली टाकीवर आडवी ठेवून पातळी पाहिली आणि कोळशानं खुणा केल्या. ड्रिल त्यांनीच चालवलं. भोकांत स्क्रू धरून ठेवणाऱ्या गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले आणि टाकी भिंतीवर बसली.

वॉल्व उघडला. टाकी भरू लागली, आणि खालून पाणी टपकू लागलं.

आधी थेंब, मग धार. पंचफुलाबाईंनी नट आवळला, धार तशीच. आणखी आवळला, तरी तशीच. चंद्रकांताबाईंनी खुर्चीवरून विचारलं, काय झालं म्हणून. पंचफुलाबाई जमिनीवर बसून डोळे मिटून तो सांधा बोटांनी चाचपत होत्या. विडी वळताना पान कुठं ढिलं राहिलं ते अशीच बोटं सांगतात. दोन-तीन मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले. रबराचा वायसर नटाच्या बाजूनं, टाकीच्या बाहेर लागला होता. तो टाकीच्या आत हवा, म्हणजे पाण्याच्या भारानं दाबून बसेल. दुकानात तीनदा बरोबर लावला होता, इथं घाईत चुकला.

परत सगळं उतरवलं. वायसर आत गेला, आट्यांवर टेप गुंडाळली, नट हातानं सरळ चढतो का ते पाहूनच पाना लावला. टाकी परत भरली. त्यांनी खाली कोरडा कागद अंथरला आणि आम्ही तिघं त्या कागदाकडे पाहत बसलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. कागद कोरडाच.

दांडी पहिल्यांदा ओढायचा मान त्यांनी सासूला दिला. चंद्रकांताबाई वॉकर टेकत आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. आम्ही बाहेर उभे. मग आतून पाण्याचा धबधबा ऐकू आला, त्यामागून टाकी भरण्याचा आवाज, आणि भरली तशी ती आपोआप थांबली. म्हातारी बाहेर आली ती हसतच. खुर्चीवर बसता बसता म्हणाली,

"चहा ठेव वो. कपभर नाई, गिलासभर."

पंचफुलाबाई चुलीकडे वळल्या आणि तिथंच कडेला उभ्या राहून, तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

अंकुश संध्याकाळी आला. त्यानं चार वेळा दांडी ओढली. चौथ्या वेळी आईनं त्याला पाणी वाया घालवतो म्हणून झापलं.

पाना परत करायला पंचफुलाबाई बाबूलालकडे गेल्या तेव्हा त्यानं तो घेतला नाही. त्याच्याकडे दर आठवड्याला दोन-तीन माणसं अशाच फुटक्या टाक्यांची रड घेऊन येत होती. त्यानं पंचफुलाबाईंचा नंबर लिहून घेतला. पहिलं काम स्टेशनजवळच्या एका मास्तरणीकडचं. मग जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींच्या संडासातल्या दोन टाक्या, ज्या कित्येक महिने नुसत्या टांगलेल्या होत्या. दिवाळीपर्यंत अकरा झाल्या. बायका त्यांना मुद्दाम बोलावतात, कारण घरी पुरुषमाणूस नसलं तरी त्यांना आत घ्यायला संकोच वाटत नाही. विड्या आता त्या हौसेपुरत्याही वळत नाहीत. जुन्या जीन्सची, आठ खिशांची पिशवी त्यांनी शिवली आहे आणि प्रत्येक खिशाचं सामान ठरलेलं आहे.

मागच्या रविवारी मोहाडीला काम होतं. अंकुशला सुट्टी होती, म्हणून त्यानं मोटारसायकलवर नेलं. त्या घरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दार उघडलं, अंकुशला नमस्कार केला आणि मिस्त्रीसाहेब, या म्हणाले.

अंकुश गाडीवरून उतरलाही नाही. "मी नाही जी," तो म्हणाला. "मिस्त्री ह्या आहेत. मी आनून सोडनारा."

पंचफुलाबाई पिशवी खांद्याला लावून आत गेल्या.