लिंबाने उलटवलेला ट्रक

माझा ट्रक एका लिंबामुळे उलटला, आणि आमच्या घरात आजही दोष मलाच देतात.

आधी ट्रक कोणता ते सांगतो. बोरी अरबला आमच्या घरामागे परसात मी छोटे रूळ टाकले आहेत. सीताफळाच्या झाडापासून निघतात, कढीपत्त्याला वळसा घालतात आणि ओट्याशी येऊन संपतात. सारा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून काढलेल्या माणसाने निवृत्त होऊन दुसरं काय करावं? (बायकोच्या मते गहू निवडावेत!) या रुळांसाठी मी मोटरचा ट्रक बनवला. रेल्वेत लाइन तपासायला रुळांवर चालणारे ट्रक असतात ना, तसाच, फक्त हातभर लांब. अंग तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, मोटर आणि बॅटरी फुटक्या फवारणी पंपाची, आणि चाकं दारव्ह्याहून लेथवर कातून आणलेली. आतल्या बाजूला कड असलेली, अस्सल रेल्वेची चाकं!

आणि आमचे व्याही वामनराव त्याला काय म्हणाले? खेळणं!

एक तर मुलीचे सासरे, त्यात रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त. म्हणजे उलट बोलायची दोन्हीकडून सोय नाही. "इवाई," ते म्हणाले (व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात आणि विहिणीला ईनबाई), "खेळणं झकास जमलं तुमचं. पण याले गाडी नाही म्हनत."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी ठरवलं, यांना दसऱ्याला जेवायला बोलवायचं. त्यांनीच हिरवी झेंडी दाखवायची आणि ट्रकने आपट्याचं सोनं घेऊन थेट त्यांच्या खुर्चीपुढे येऊन थांबायचं. मग पाहतो 'गाडी' हा शब्द त्यांच्या तोंडून कसा निघत नाही ते!

दसऱ्याला वामनराव आले ते गळ्यात शेला, खिशात जुनी शिट्टी आणि काखेत दोन झेंड्या घेऊन. मी रुळांवर ट्रक ठेवला, सोनं भरलं. आणि स्वयंपाकघरातून सुमन, म्हणजे आमची बायको, पूजेचं ताट घेऊन बाहेर आली. ताटात हळद-कुंकू, झेंडूची माळ आणि लिंबू!

"अवं, लिंबू कायले?"

"चाकाखाली ठेवाले. नवी गाडी पूजेबिगर काढता का?"

बाकी कुणी नाही तर निदान बायकोने तरी गाडी म्हटलं! पण म्हणून काय लिंबू?

"अवं, चाक पाह्य, लिंबू पाह्य! चाकापेक्षा लिंबू मोठं हाय!"

"मोठमोठ्या ट्रकायखाली ठेवतात, मंग याच्याच खाली काहून नाही? तुमचा ट्रक काय लाडाचा हाय?"

वामनराव इथे मदतीला धावतील असं मला वाटलं. रेल्वेचा माणूस, रुळावर लिंबू कसं चालू देईल? तर ते म्हणाले, "ईनबाई बराबर बोलून राह्यल्या. दसरा हाय, पूजा तं लागतेच."

पूजा झाली. ट्रकच्या तोंडावर माळ आणि पुढच्या चाकासमोर ते जाडजूड लिंबू. वामनरावांनी शिट्टी फुंकली, हिरवी झेंडी दाखवली आणि मी ट्रकवरचं बटन दाबलं. ट्रक लिंबाला टेकला आणि घूंऽऽ करत जागीच थांबला.

"लिंबानं अडवलं!" वामनराव पोट धरून हसले आणि जवळून पाहायला खाली वाकले. "म्हटलं नव्हतं का, खेळणं हाय!"

पुन्हा खेळणं! माझी तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी सरळ फुल स्पीड दिला.

लिंबू फुटलं आणि त्याची चिळकांडी वामनरावांच्या दोन्ही डोळ्यांत गेली. ट्रकने उडी मारून रूळ सोडले. माळ सुटून मागच्या चाकांत अडकली, माळेच्या दोऱ्यात शेल्याच्या दशा अडकल्या, आणि ट्रक वामनरावांना गळ्याने ओढत परसभर निघाला! (फवारणी पंपाची मोटर इतकी दमदार असते, हे कंपनीलासुद्धा ठाऊक नसेल.)

"थांबवा! थांबवा तिले!" वामनराव ओरडले.

"ब्रेक नाही तिले!" मी मागे धावत ओरडलो. (ब्रेक मी दिवाळीनंतर बसवणार होतो.) "झेंडी दाखवा!"

त्यांनी झेंडी दाखवली.

"अवो, हिरवी कायले दाखवून राह्यले? लाल दाखवा, लाल!"

"मले दिसून नाही राह्यलं नाऽऽ!"

ट्रक ओट्याजवळ मांडलेल्या जेवणाच्या टेबलाच्या पायाला धडकला. वरचं कढीचं गंज कलंडलं. तिथून कढीत न्हालेला ट्रक वाळत घातलेल्या सोयाबीनच्या ढिगात घुसला, उलटला आणि थांबला. मागोमाग वामनरावही सोयाबीनमध्ये आडवे झाले. सुमन पाण्याचा तांब्या घेऊन धावली ती व्याह्यांकडे. ट्रककडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

डोळे धुऊन, लालभडक नजरेने वामनराव खुर्चीत बसले. पुरणपोळीला हात न लावता त्यांनी विचारलं, "गाडी रुळावरून काहून उतरली?"

"लिंबू!" मी ताडकन म्हणालो.

"लिंबाले काही म्हनू नका," सुमन कडाडली, "ते पूजेचं होतं!"

"रुळावर अडथळा दिसून राह्यला होता," वामनराव सावकाश म्हणाले, "तरी गाडी दामटली. हा अपघात डायवरच्या चुकीनं झाला. डायवर आजपासून सस्पेंड!"

मी चवताळून उठलो. लिंबू ठेवणारी मोकळी, ठेवू देणारा मोकळा आणि सस्पेंड मी? तोंड उघडलं, आणि त्यांचं वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. मग चप्पल घातली आणि चौकातून पेढे आणले.

"अवो, कढी सांडली, इवाईचे डोळे गेले, अन् तुम्ही पेढे कायले वाटून राह्यले?" सुमनने डोक्याला हात लावला.

"अवं, ऐकलं नाही का तू? खेळण्याले कधी डायवर असते का?"

सस्पेंड झाल्याचे पेढे वाटणारा मी आमच्या गावातला पहिलाच डायवर आहे.