पाचपैकी दोन हळकुंडं

ज्या सिनेमात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही रात्र होत नाही, त्या सिनेमाला मी "सगळा अंधारात काढलाय" असं म्हणून पाचपैकी दोन हळकुंडं दिली. एवढ्यावर गप्प बसले असते तरी निभावलं असतं. पण मला गप्प बसणं जमत असतं तर माझं अर्धं आयुष्य सोपं गेलं असतं. मी ते बोलणं फोनमध्ये भरलं आणि घरच्या बायकांच्या ग्रुपवर टाकून दिलं. वर हेही म्हटलं, की ह्या लोकांच्या घरची लाईट कापली होती काय?

तो सिनेमा वाळवंटातला होता. भर उन्हातला. नांदेडच्या भाचीला तो बघताना गॉगल लावावासा वाटला म्हणे. ग्रुपवर बायका इतक्या हसल्या, की फोन दिवसभर टुणटुण वाजत राहिला. मीही हसले. हसता हसता मी डोळे चोळून पाहिले, ते मात्र मी फोनमध्ये भरलं नाही.

हळकुंडांचं आधी सांगते. आमच्या गोरेगावात निम्म्या घरांची हळद हिंगोलीच्या बाजारात जाते. तिथं व्यापारी ढिगातून एक हळकुंड उचलतो, कडकन मोडतो आणि आतला रंग बघतो. वरून पॉलिश केलेलं हळकुंड कुणालाही फसवतं, मोडल्यावर मात्र लपवाछपवी चालत नाही. माझी नात हिंगोलीला कॉलेजात शिकते, जीपनं जाऊन येऊन करते. तिनं एकदा सिनेमा संपल्यावर विचारलं, "आजी, किती स्टार देशील?" मी म्हटलं, "स्टार तुझ्या बापाला दे, मी हळकुंडं देईन. मोडून बघून देईन." तेव्हापासून सुरू झालं. दुपारी घरच्या टीव्हीवर सिनेमा बघायचा, संध्याकाळी ग्रुपवर आपलं मत टाकायचं. बायका वाट बघायच्या. ह्या वयात कुणी आपली वाट बघतंय म्हटल्यावर माणूस चेकाळतो, तशी मी चेकाळले.

एक लग्नाचा सिनेमा पाहिला. सुरुवातीपासून लग्नच चालू, नाचावर नाच, पण एकाही बाईच्या हातात परात नाही. एवढी माणसं जेवली, मग खरकटं कुणी उचललं? एक हळकुंड, तेही सासूला, कारण तिनं नाक मनापासून मुरडलं. एक भुताचा पाहिला. भूत बिचारं इतकं रीतभातीचं की दार वाजवून आत येतं. त्याला तीन. एक पोलिसांचा होता. त्यात नायक धावत्या जीपमधून उडी मारतो आणि शर्टाची इस्त्री मोडत नाही. अरे, तू आमच्या इथून सेनगावपर्यंत जीपमध्ये नुसता बसून जा आणि मग इस्त्री दाखव. अर्धं. आणि गावाकडचा म्हणून एक दाखवतात, त्यात नायिका विहिरीतून बादली ओढते, पण दंडाला ताण म्हणून नाही. बादली रिकामी आहे हे आमच्या शेरडालाही कळलं असतं. त्याला काहीच दिलं नाही.

पण वर्षभरातली माझी बोलणी कुणी एका ओळीत लावून ऐकली असती, तर त्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा सापडली असती. हा धुक्यात काढलाय. ह्याच्या कॅमेऱ्याची काच कुणी पुसलीच नाही. ह्यातल्या दोघी बहिणी एकसारख्याच दिसतात, कोण कोणती कळत नाही. मला हे अर्धं खरं वाटत होतं. उरलेल्या अर्ध्याला मी भीत होते. संध्याकाळी समोरून जीप आली की तिचा दिवा फुलबाजीसारखा फुटायचा. सुईत दोरा घालायची वेळ आली की मला बरोबर बाहेर काहीतरी काम आठवायचं. आणि सिनेमातलं मला जे कळत होतं ते कानांनी कळत होतं.

भीतीलाही कारण होतं. माझ्या सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी नवी नवरी होते. तेव्हाची गोष्टच निराळी होती. ऑपरेशननंतर दिवसच्या दिवस उताणं पडून राहायचं, मान हलवायची नाही. त्यांना ते जमलं नाही. डोळ्याला खाज सुटली, त्यांनी पट्टीवरून चोळलं, आत पू झाला. दुसरा डोळा तर आधीच गेलेला. पट्टी सोडली तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी होते. खिडकीतलं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर पडलं होतं. सुटलेली पट्टी माझ्या हातात होती. सासूबाई म्हणाल्या, "सोडा की आता पट्टी."

तेवढं एक वाक्य माझ्या अंगात राहिलं ते राहिलंच.

आणि मी कशी होते बघा. त्यानंतर थोरल्या जाऊबाईंसोबत मी हिंगोलीच्या टॉकीजला जायची. सिनेमाची हौस दांडगी, छाती मात्र चिमणीची. साप निघाला की पदर डोळ्यांवर. सुरा निघाला की पदर डोळ्यांवर. नायकानं नुसता आवाज चढवला तरी पदर. जाऊबाई कोपर मारायच्या, "उघड गं, मेला तो." घरी आलं की सासूबाई मला जवळ बसवून म्हणायच्या, "सांग, काय काय झालं?" मी न बघितलेला सिनेमा बघितल्यासारखा सांगायची. शेवटची मारामारी आली की माझा खलनायक हमखास विहिरीत पडायचा, कारण माणसाला संपवायची दुसरी रीत मला सुचायचीच नाही. आंधळ्या माणसाला फसवणं सोपं असतं, असं त्या शहाण्या पोरीला वाटायचं. अक्कल तेवढी माहेरच्या पेटीत राहिली होती तिची. एक दिवस सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "बाई, त्या विहिरीत आता पाणी हाय का नुसते माणसंच?"

तर अशी मी. तेव्हा डोळे होते तर मिटून बसायचे, आणि आता उघडे ठेवून उपयोग नव्हता.

वाळवंटाच्या सिनेमानंतरच्या रविवारी नात माझ्याजवळ येऊन बसली. दुपारची वेळ, टीव्ही चालू. तिनं रिमोट घेतला आणि आवाज बंद केला.

"आजी, आता काय चालू हाय?"

समोर पांढरं काहीतरी हलत होतं, त्याच्याभोवती निळसर.

"नायिका रडून राहिली," मी म्हटलं.

"काहून?"

"नवरा सोडून गेला असंल. त्यांचे जातेतच."

"आजी, ही साबणाची जाहिरात हाय."

"मग रडणारच ना! डोळ्यात फेस गेला असंल."

ती हसली नाही. एरवी ही पोरगी माझ्या निम्म्या वाक्यातच हसायला लागते. तिनं आपला तळहात माझ्या डाव्या डोळ्यावर ठेवला. उजव्या डोळ्यापुढं नुसता उजेडाचा डाग राहिला, गढूळ पाण्यात दिवा बुडवावा तसा.

"मी कोणत्या रंगाचा ड्रेस घातलाय?"

"तुझ्या आवडीचा."

"आजी."

"न्हाई दिसत," मी म्हटलं.

ती लगेच उठली, "उद्याच हिंगोलीला जाऊ, डॉक्टरला दाखवू" म्हणायला लागली. मी नाही म्हटलं. उद्या सोमवार, मला उपास असतो. परवा हळद शिजवायची आहे. मग पाव्हणे येणार आहेत. कोणते पाव्हणे, असं तिनं विचारलं तर मला एकाचंही नाव सांगता येईना. आमचे हे पलंगावरून म्हणाले, "भ्याली ती." मी म्हटलं, "तुमी झोपा." पण बरोबर होतं त्यांचं. पुढचे दिवस मी भीतीच्याच घरात राहिले. भाकरी थापताना, पूजा करताना, बोलताना, सगळीकडं ते एकच वाक्य. सोडा की आता पट्टी. रात्री दिवा मालवला की आता हा अंधार दिव्याचा आहे की माझा, हे कळेपर्यंत जीव टांगलेला.

मग मी एक खुळेपणा केला. आंधळं व्हायचंच असेल तर सवय करून ठेवावी, म्हणून एका दुपारी अंगणात कुणी नाही असं बघून डोळे घट्ट मिटले आणि ओट्यापासून न्हाणीपर्यंत चालायला निघाले. ह्या अंगणात माझं अख्खं आयुष्य गेलं. हात पुढं केला, भिंत लागेना. वळले, तर उन्हाची बाजू बदलली. पायाखाली वाळत घातलेल्या हळदीची ताडपत्री आली, ती कुठल्या कडेची तेही कळेना. डोळे उघडले असते तर झालं असतं, नाही का? पण मला उघडवेनात. उघडल्यावरही फारसा फरक पडला नाही तर? माझ्याच अंगणात मी हात पसरून उभी राहिले, आणि हाक मारावी तर काय म्हणून मारावी?

कुणीतरी हात धरला. बांगड्यांवरून कळलं, सून.

"आत्याबाई, काय करून राहिल्या?"

"फुगडी," मी म्हटलं.

तिनं मला ओट्यावर आणून बसवलं, पाणी दिलं. मी पाणी प्याले आणि म्हटलं, "जीपवाल्याला सांग. दोन जागा धर म्हणावं."

हिंगोलीच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, की उजवा मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, डावाही त्याच वाटेवर आहे, आणि आता थांबणं बरं नाही. मी त्याला सासूबाईंचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, हेही सांगते, नाहीतर डॉक्टरांना घाई फार. म्हणाला, "आजी, आता तसं राहिलं नाही." मला वाटलं, सासूबाईंनाही कुणीतरी असंच म्हटलं असेल.

ऑपरेशनच्या टेबलावर तोंडावर कापड टाकलं, एक डोळा तेवढा बाहेर. डॉक्टर म्हणाला, "हलायचं नाही." आता ज्या बाईनं जन्मात कधी भीतीचं दृश्य उघड्या डोळ्यांनी पाहिलं नाही, तिचा डोळा चिमट्यानं उघडा धरून ठेवला होता. पदर नाही, कोपर मारायला जाऊबाई नाहीत. दुखत नव्हतं, पण मला वाटत होतं आता दुखेल, आता दुखेल. समोर उजेडाचे गोळे फिरत होते, लाल, निळे, पाण्यात विरघळणारे. मी मनात म्हटलं, हे शेवटचं दिसणं असेल तर नीट बघून घे. आणि बघितलं. लुगड्याची कड मुठीत इतकी आवळली होती की नंतर बोटं सरळ होईनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई पट्टी सोडायला आल्या. सून समोर उभी होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता. चिकटपट्टी गालावरून ओढली गेली. मग काहीच नाही. कुणी बोलेना. पट्टी सुटली की आणखी एखादी राहिलीय, मला कळेना, आणि विचारायची तर हिंमतच नाही, कारण विचारलं असतं तर तेच वाक्य माझ्या तोंडातून आलं असतं. मी दातावर दात धरले.

"आजी, झालं," नर्सबाई म्हणाल्या. "उघडा डोळा."

"उघडते, उघडते."

"कधी?"

"तुमाला काय घाई हाय?"

"बाहेर अजून बारा जण बसलेत, आजी."

मी उघडला. आधी पांढरं झालं, इतकं पांढरं की वाटलं, गेला डोळा. मग त्या पांढऱ्याला कडा आल्या. खिडकीचे गज. गजावर बसलेली माशी. माशीचे पाय! आणि सुनेचं तोंड. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं, आणि कपाळापासून मागं केसांत पांढरा पट्टा गेलेला.

"अगं बाई," मी ओरडले, "तुझे केस कवा पांढरे झाले?"

नर्सबाई हसल्या. सून हसली नाही, पदरानं तोंड पुसत राहिली.

दुसरा डोळा अजून व्हायचा आहे. तारीख मिळाली आहे, आणि मी अजून भिते. एकदा नीट झालं म्हणून दुसऱ्यांदा होईलच असं मला कुणी लिहून दिलेलं नाही. नात म्हणते ग्रुपवर बायका विचारून राहिल्या, आजीचं नवीन मत कधी येणार. मी म्हटलं, डॉक्टरनं सध्या टीव्ही बंद ठेवलाय. हे खोटं आहे. डॉक्टरनं थोडा वेळ बघा म्हटलंय. पण साबणाची जाहिरात साबणाचीच दिसेल की नाही, ह्याची धास्ती अजून जात नाही.

पट्टी सुटली त्या दिवशी परतताना आम्ही सासूसुना हिंगोलीच्या डेपोत बाकावर बसलो होतो. मला काळा चष्मा, तिच्या मांडीवर औषधांची पिशवी. भीती थोडी उतरली की मला भांडायला सुचतं. मी म्हटलं, "एवढं दिसत नव्हतं मला, अन् एका घरात राहून तुला तरी कसं कळलं न्हाई गं?"

तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाली:

"कळलं व्हतं, आत्याबाई. तुमी दुपारी पडल्या की तुमी निवडलेली डाळ मी रोज परत निवडायची. सांगितलं असतं तर तुमी निवडणं सोडून कोपऱ्यात बसल्या असत्या; मला त्याचंच जास्त भेव वाटलं."