मिलिंदची चिठ्ठी, खाली माझी सही

मिलिंदने काहीही डिलीट केलं नव्हतं. मी केलं होतं.

वाचलंत? आता हात जोडलेले इमोजी टाकायच्या आधी पुढचंही वाचा.

आज मिलिंदचा जलदान विधी झाला. आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीतला, शेजारच्या बिल्डिंगमधला मिलिंद. सरकारी ऑफिसात रेकॉर्डला क्लार्क. एक्कावन्नाव्या वर्षी अटॅक आला आणि गेला.

तो गेल्यापासून कॉलनीच्या ग्रुपवर तुम्ही सगळे लिहिताय, "देवमाणूस गेला."

तीन वर्षांपूर्वी ह्याच ग्रुपवर "मिलिंदला कॉम्प्युटरला हात लावू देऊ नका" असं लिहिणारे कोण होते हो? स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. टाकू?

नाही टाकत. कारण सुरुवात माझ्या घरातून झाली.

कॉलनीत कुणाचाही कॉम्प्युटर रडायला लागला की मिलिंदला हाक. फुकट. "नवीन कशाला घेता? म्हातारा नाही झालाय तो, डोक्यावर ओझं झालंय त्याच्या," म्हणायचा.

मग चालू होतानाच आपोआप उघडणारे प्रोग्रॅम बंद करायचा. खिडक्या उघडतानाचे नखरे बंद. पॉवरचं सेटिंग बदल. अर्ध्या तासात मशीन ताळ्यावर.

पण हात लावायच्या आधी खिशातून कागद काढायचा. आधी काय होतं, आता काय केलं, कशाला हात लावला नाही, सगळं लिहायचा. आणि काम झालं की खाली घरच्यांची सही घ्यायचा!

"अरे, ऑफिसची फाइल आहे का ही?" आम्ही हसायचो.

"असू दे रे. माणूस विसरतो. कागद नाही विसरत."

आमचा कॉम्प्युटर म्हणजे बटण दाबून चहा ठेवावा, चहा पिऊन कप विसळावा, तरी ह्याचं गोल गोल फिरणं चालूच. एका रविवारी सकाळी मिलिंद आला, सेटिंग केलं, माझी सही घेतली, गेला. मशीन पळायला लागलं.

आणि मला हाव सुटली.

म्हटलं, एवढं फास्ट झालं, अजून होईल की. डिस्क क्लीनअप उघडलं आणि दिसेल त्या चौकटीत टिक मारत सुटलो. वाचतंय कोण? ओके.

त्यातली एक चौकट डाउनलोड्सची होती.

डाउनलोड्समध्ये आईचे आवाज होते.

आई नामपूरची. ती गेल्यावर ताईने फोन बदलला, तेव्हा आईचे सगळे व्हॉइस नोट्स आमच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवले होते. "जेवनी का व माय?" बऱ्याचदा एवढंच असायचं. आमच्या घरात अहिराणी तेवढीच उरली होती.

संध्याकाळी ताई आली. नेहमीसारखी ऐकायला बसली. फोल्डर रिकामं.

"सकाळी मिलिंदने सेटिंग केलं ना," मी म्हणालो.

खोटं बोललो का? नाही! बघा किती हुशार मी. एकच वाक्य, आणि तेही खरं.

ताई ढसाढसा रडली. आमची काकू म्हणाली, "तरी मी सांगत होते, ह्या लोकांना घरात..."

पुढचं लिहीत नाही. तुम्हाला पाठ आहे, तुमच्याही घरात बोलतात. मी तेव्हा खाली मान घालून गप्प बसलो होतो, तेवढं मात्र लिहून ठेवतो.

त्यानंतर तीन दिवस मिलिंद ऑफिस सुटलं की थेट आमच्याकडे. रिकव्हरीची सॉफ्टवेअरं लावून बसायचा. काही हाती लागलं नाही.

मी त्याला चहा दिला. वर म्हणालो, "जाऊ दे रे मिलिंद, होतं असं."

म्हणजे मी त्याला माफ केलं. मी! त्याला!

त्याने माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाला, "ताईकडे लक्ष दे."

ताई त्याला वीस वर्षं राखी बांधत होती. त्या वर्षी बांधली नाही. नंतरही नाही.

त्याने पुन्हा कॉलनीतल्या कुठल्याच कॉम्प्युटरला हात लावला नाही. कुणी बोलावलंही नाही म्हणा.

आज विधी झाल्यावर मिलिंदच्या बायकोने, वहिनींनी, मला बाजूला घेतलं आणि एक फाइल हातात दिली. सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या, घरनंबरप्रमाणे लावलेल्या. त्यात आमची.

"स्टार्टअपचे नऊ प्रोग्रॅम बंद. व्हिज्युअल इफेक्ट्स बंद. डाउनलोड्सला हात लावलेला नाही. आईंचे आवाज आहेत."

खाली माझी सही.

तीन वर्षं हा कागद त्याच्या कपाटात होता. एकदा नुसता फोटो काढून ग्रुपवर टाकला असता, तर मला कॉलनीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

"मी म्हटलं होतं त्यांना, भाऊजी. दाखवा ना चिठ्ठी, कशाला ऐकून घेता," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणे, ताईची आई गेली, आईचा आवाज गेला. आता भाऊ पण घालवू का तिचा?"

मी फाइल मिटली.

"राखीच्या दिवशी फुल बाह्यांचा शर्ट घालून जायचे ऑफिसला," त्या म्हणाल्या. आणि आत निघून गेल्या.

तेव्हा देवमाणूस वगैरे लिहू नका. देवाला मनगट नसतं. ह्याला होतं, आणि तो ते झाकून फिरत होता.

ताई, तू हे वाचशील. फोन करून सांगायची हिंमत झाली नाही, एवढा भित्रा आहे तुझा भाऊ.

तू ज्याची राखी बंद केलीस, त्याने काही केलं नव्हतं. ज्याला बांधत राहिलीस, त्याने केलं.

यंदा मला बांधू नकोस.

मिलिंद, तुला श्रद्धांजली वाहायची माझी लायकी नाही. चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर टाकलाय. सही माझीच आहे.

जय भीम, भाऊ.