तीन नंबरच्या टीव्हीतली माळ

नातीची परीक्षा होती. मोठ्यानं वाचत होती. कुणा ग्रीक माणसाची जुनी गोष्ट. गुहेत बांधून घातलेली माणसं समोरच्या भिंतीवर सावल्या बघतात आणि त्यालाच जग समजतात. मी म्हटलं, "यात ग्रीक काय? हीच नोकरी मी सहा वर्षं केलीय."

कारखाना बंद पडल्यावर मी हिंजवडीच्या एका कंपनीत सिक्युरिटीत लागलो. तळघरात बसायचं आणि चार काळे-पांढरे टीव्ही बघायचे. खिडकी नाही. आम्ही तिघं, मी आणि दोन तरुण पोरं. आता पुढं कोण दिसणार, यावर पैज. हरेल त्यानं चहा आणायचा. बहुतेक मीच जिंकायचो. कोण कुणाच्या मागं सिगरेट ओढायला निघतो, सगळं पाठ. एकदा लिफ्टमध्ये रोजचाच एक साहेब भेटला, तर मी त्याला ओळखपत्र मागितलं. त्याचा शर्ट लाल होता. टीव्हीत कुठं लाल दिसतं!

तीन नंबरच्या टीव्हीत मागचं गेट दिसायचं. तिथून आमची ही यायची. कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. मी पहाटे धायरीहून निघायचो, ती मागनं दहाला पोचायची. मी घरी यायचो तेव्हा अंधार, आणि खोलीत एक पिवळा बल्ब. सुट्टीला ओव्हरटाइम. म्हणून तिनंच रिवाज पाडला होता. गेटात आली की वर कॅमेऱ्याकडं बघून पदर सारखा करायचा. झाली आमची भेट.

एकदा तिच्या गळ्यात माळ दिसली. मी पोरांना दाखवली. "बघा, या वयात नट्टापट्टा!"

"काका, लक्ष ठेवा."

"ठेवतोय की. त्याचाच पगार घेतो."

मग एक दिवस तीन नंबर बंद पडला. साहेबांनी मलाच गेटावर उभं केलं. सकाळचं लख्ख ऊन. ती समोर आली. डोळे हळदीसारखे. गळ्यातली माळ मण्यांची नव्हती. काविळीला गावाकडं मुळ्यांची घालतात, ती होती.

"अगं, कधीपासून?"

"महिना झाला. कँटीनमधल्या बाया म्हणतात, म्हातारपणी हळद लागली."

"मला सांगायचं नाही?"

"रोज बघताय की मला. काही बोलला नाहीत, म्हटलं विशेष नसेल."

डॉक्टर म्हणाले, ही साधी कावीळ नाही, उशीर केलात. मी नोकरी सोडली. सोडताना तळघरात जाऊन सांगितलं, "पोरांनो, आपापल्या बायका एकदा उन्हात बघा." हसले मेले. "काकांना ऊन लागलं!" नातीच्या पुस्तकातली माणसंही, बाहेरचं ऊन बघून परत आलेल्याला असंच हसतात म्हणे.

पुढं सात महिने ती होती. रोज सकाळी तिला गच्चीवर बसवायचो आणि समोर बसायचो. ती वैतागायची. "असं काय टक लावून बघताय? कामधंदा नाही का?"

तिचे केस मेंदीनं तांबडे झाले होते. मी विचारलं, "हे कधीपासून?"

म्हणाली, "तुम्ही टीव्हीत बघायला लागलात तेव्हापासून."