पुसलेली पानं

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र तळमजल्यावर आहे आणि संगणकशास्त्र दुसऱ्या मजल्यावर. मध्ये कॉमर्स. त्यामुळे दोन्ही विभागांत वर्षानुवर्षं शांतता नांदत होती. मग नवं शैक्षणिक धोरण आलं आणि विषयांनी आता एकमेकांत मिसळायचं, असा आदेश खाली झिरपत आमच्यापर्यंत पोचला. प्राचार्यांनी तातडीने एका रिकाम्या खोलीवर ‘आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्र’ अशी पाटी लावली. पाटी दारावर मावेना, म्हणून ‘केंद्र’ भिंतीवर गेलं. खोलीत अजून कॉमर्सचे मोडके बाक होते.

या केंद्रातली पहिली जोडी म्हणजे माझी, वनस्पतिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आणि संगणकशास्त्राचा त्याच वर्षाचा एक मुलगा. ती नंदनवन वस्तीतली, वडील कारकून. तो इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानदाराचा. दोघांनी मिळून असा प्रोग्रॅम करायचा होता, जो संत्र्याच्या पानाचा फोटो पाहून पानावर कोळशी आहे की नाही ते सांगेल. कोळशी म्हणजे पानावर चढणारी काळी, काजळीसारखी बुरशी. विदर्भातल्या संत्रेवाल्याला ती सांगावी लागत नाही. संगणकशास्त्रवाल्यांना सांगावी लागली.

त्या मुलीसाठी हा प्रकल्प म्हणजे परीक्षेच्या गुणांपुरती गोष्ट नव्हती. पदवीला आता संशोधनाचं चौथं वर्ष जोडता येतं, पण त्यासाठी प्रकल्प निवड समितीला पटावा लागतो. तिला ते वर्ष हवं होतं. वडिलांना तिने बी.एड. करून मोकळं व्हावं असं वाटत होतं. एकदा ते मला भेटायला आले आणि खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, “सर, त्या चौथ्या वर्षात काय राहते? तीन वर्षांत जे नाही समजलं, ते एका वर्षात समजते का?”

प्रश्न रास्त होता. मी धोरणातली दोन वाक्यं म्हणून दाखवली. ती मलाही पटली नाहीत.

“समितीनं घेतलं तर पाहू,” ते उठता उठता म्हणाले. “नाही घेतलं, तर मग बी.एड.”

पारशिवनीला तिच्या मामाची संत्र्याची बाग होती. तिथून ती पिशव्या भरभरून पानं आणायची, आमच्या प्रयोगशाळेत फोटो काढायची आणि मुलाला पाठवायची. मुलगा ते फोटो प्रोग्रॅमला दाखवायचा, की ही निरोगी, ही रोगट, शीक. प्रोग्रॅम काही शिकेना. निरोगी पानाला रोगट म्हणे, रोगट पानाला निरोगी. शेवटी मुलगा एका दुपारी तळमजल्यावर उतरला. कॉमर्स ओलांडून यायची त्याची ती पहिलीच वेळ.

“तुझी रोगट पानं अन् निरोगी पानं सख्ख्या बहिणी आहेत वं,” तो म्हणाला. “मलेच ओळखू येत नाही, तर मशीनले काय येईन?”

ती तेव्हा फोटोच काढत होती. तिने पिशवीतून एक काळं पान उचललं, ओल्या कापसाने वरून हळुवार पुसलं, टिपकागदावर सरळ केलं आणि कॅमेऱ्याखाली ठेवलं. पान हिरवंगार.

“हे काय करून राहिली?”

“काय म्हणजे? नमुना स्वच्छ करून राहिली.”

“अन् कोळशी?”

तिने कापसाकडे पाहिलं. कोळशी कापसावर होती.

यात तिचा दोष नव्हता. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या प्रात्यक्षिकापासून नमुना धुतो, पुसतो, दाबून सरळ करतो. आमच्याकडे धुळीचं पान टेबलावर ठेवणं म्हणजे पाहुण्यापुढे उष्टं ताट ठेवण्यासारखं. आम्ही तिला तीन वर्षं नीटनेटकेपणा शिकवला होता आणि तिने तो रोगालाही लावला.

“तू डॉक्टर नाही झाली ते बरं झालं,” मुलगा म्हणाला. “एक्सरे काढायच्या आधी हाड बसवलं असतं.”

“अन् तू इतके दिवस फोटो पाहून राहिला होता, तुले काळं पान एकदाही काहून आठवलं नाही गा?”

“मी कुठं पाहिलं होतं काळं पान? तूच तर पहिल्यांदा दाखवून राहिली.”

तिने सगळे फोटो नव्याने काढले, न पुसता. प्रोग्रॅम दोन दिवसांत हुशार झाला. काळं दिसलं की रोगट, हिरवं दिसलं की निरोगी. दोघं खूश झाले, मी खूश झालो आणि प्राचार्य तर इतके खूश झाले की केंद्राचं उद्घाटन आणि निवड समितीची बैठक त्यांनी एकाच दिवशी ठेवली. समितीचे अध्यक्ष बाहेरगावचे एक ज्येष्ठ प्राध्यापक होते, उद्घाटकही तेच. म्हणजे एका हारात दोन्ही कार्यक्रम.

त्या दिवशी आमच्या कॉलेजात जे काही हलत नव्हतं, त्याला रंग लागला. मोडके बाक पडद्याआड गेले. पालकांनाही बोलावलं होतं. मुलीचे वडील तिसऱ्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. स्वागतगीत झालं, प्रास्ताविक झालं, प्रास्ताविकावरचं मनोगत झालं. मग पाहुणे टेबलाशी आले. स्टीलच्या ट्रेमध्ये पानं मांडली होती. मुलीने रोगट पानांतलं एक उचलून मोबाइलसमोर धरलं. भिंतीवरच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत उमटलं: निरोगी.

दुसरं पान. निरोगी. तिसरं. निरोगी.

मुलगा लॅपटॉपवर वाकला. खोलीत खोकले सुरू झाले. मी ट्रेकडे पाहिलं. एकूण एक पान चमकत होतं. मग माझी नजर प्राचार्यांच्या कोटाकडे गेली. खिशातून पांढऱ्या रुमालाचं टोक बाहेर आलं होतं आणि ते पांढरं नव्हतं. असली काळी पानं पाहुण्यांपुढे ठेवायची, हे त्यांच्या जिवाला सोसलं नसणार.

मुलीने हातातलं पान बोटाने चाचपलं. तिला कळायला वेळ लागला नाही. ही चूक तिच्या ओळखीची होती.

“सर, ही पानं पुसली गेलीत,” ती पाहुण्यांना म्हणाली. कोणी पुसली, ते तिने विचारलं नाही. प्राचार्यांनी रुमाल आत ढकलला.

“म्हणजे तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे?” पाहुण्यांनी विचारलं.

इथे ‘हो’ म्हणून सुटता आलं असतं. मुलगा मान हलवून तेच सुचवत होता. ती मात्र पानाकडे पाहत राहिली.

“नाही सर,” ती म्हणाली. “झाड आजारीच आहे. आमच्या प्रोग्रॅमला फक्त काजळी दिसते. पुसली, की त्याच्यासाठी झाड बरं झालं.” मग तिने पान उलटं केलं. खालच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे काळे, चपटे ठिपके चिकटलेले होते. “ही काळ्या माशीची पिल्लं. यांच्या अंगातून गळणारा चिकटा खालच्या पानांवर सांडतो आणि त्याच्यावर कोळशी वाढते. म्हणजे कोळशी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आम्ही पान एकदाही उलटं करून फोटो काढला नाही.”

“का नाही काढला?”

“टिपकागदावर सरळच ठेवतात सर.”

पाहुणे हसले. त्यांनी भाषणाचा कागद घडी करून ठेवला आणि मुलाला विचारलं, की इतके बारीक ठिपके प्रोग्रॅम ओळखेल का. मुलगा म्हणाला, माहीत नाही. मुलीला विचारलं, की सगळेच काळे ठिपके माशीचे असतात का. ती म्हणाली, नाही, आणि वेगळे कसे करायचे ते माहीत नाही. मी तेवीस वर्षं कॉलेजात आहे. व्यासपीठावर ‘माहीत नाही’ इतक्या वेळा ऐकल्याचं मला आठवत नाही. समितीने दोघांना चौथ्या वर्षासाठी घेतलं.

फराळाच्या वेळी वडील माझ्याकडे आले. हातात समोशाच्या बशीऐवजी ते पान होतं. मुलगी शेजारी उभी राहून त्यांना ठिपके दाखवत होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पान डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा उलटं केलं.

“सर,” ते म्हणाले, “याले एक वर्ष पुरते का?”